कोगलाहून उडालेली कॅटलिना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी महासागरावर मी अधूनमधून बोलतो आणि लिहितो. त्यानंतर येणाऱ्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्मे प्रश्न या एकाच विमानाबद्दल असतात. तेच उत्तर पुनःपुन्हा टाइप करण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवतो आहे. आधी सोपे प्रश्न आहेत, वाकडे शेवटी.

१. नेमकं काय झालं होतं? दोन मिनिटांत सांगा.

४ एप्रिल १९४२ रोजी सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, दक्षिण टोकाजवळच्या कोगला तळ्यावरून एक कॅटलिना फ्लाइंग बोट गस्तीला निघाली. ती कॅनडाच्या हवाई दलाच्या ४१३ स्क्वाड्रनची होती. तिची खूण क्यूएल-ए, क्रमांक एजे १५५ आणि कॅप्टन स्क्वाड्रन लीडर लेनर्ड बर्चल. दुपारी चारच्या सुमाराला, बेटापासून सुमारे ३५० मैलांवर, त्यांना क्षितिजावर ठिपके दिसले. ते जपानचं आरमार होतं आणि सिलोनच्याच दिशेने येत होतं. कॅटलिनाने रेडिओवरून इशारा दिला. जपानी झीरो लढाऊ विमानांनी तिला समुद्रात पाडलं. नऊपैकी तिघे मेले, सहा जण कैद झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला.

२. फ्लाइंग बोट आणि सीप्लेन एकच ना?

ढोबळमानाने दोन्ही पाण्यावर उतरतात, पण घडण वेगळी. साध्या सीप्लेनला चाकांच्या जागी तराफ्यासारखे फ्लोट असतात आणि विमानाचं पोट पाण्याच्या वर राहतं. फ्लाइंग बोटीचं पोटच बोटीच्या बुडासारखं असतं, ते थेट पाण्यावर टेकतं. तेव्हाच्या बहुतेक कॅटलिनांना जमिनीवर उतरण्याची चाकंच नव्हती. डागडुजीसाठी काठावर ओढायचं तर बाहेरून तात्पुरती चाकं लावावी लागत. एरवी विमान होडीसारखं तळ्यात बोयाला (नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधून ठेवायचं आणि माणसांनी छोट्या बोटीने ये-जा करायची.

युद्धाआधी अशा विमानांतून प्रवासीही जात. इंग्लंडहून पूर्वेकडे जाणाऱ्या फ्लाइंग बोटी कराचीनंतर राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद अशा पाण्यापाण्याने कलकत्त्याला पोचायच्या.

३. कॅटलिना आतून कशी होती? नऊ माणसं मावायची कुठे?

पंखांचा विस्तार १०४ फूट, म्हणजे दहा मजली इमारत आडवी पाडल्याएवढा. पण अंग नळीसारखं अरुंद. ती नळी धातूच्या आडव्या भिंतींनी कप्प्याकप्प्यांत विभागलेली, कारण बूड एका जागी फुटलं तरी सगळी बोट भरू नये. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना उंबरठा ओलांडून, वाकून जायचं. पुढे दोन पायलट, त्यांच्यामागे नेव्हिगेटरचं टेबल आणि रेडिओ, मग इंजिनियर. त्याच्यामागे झोपायचे बंक आणि चहा-जेवण गरम करण्यापुरती छोटी शेगडी. शेपटीच्या बाजूला दोन्ही अंगांना काचेचे मोठे फुगे होते. टेहळणी तिथूनच चालायची आणि मशीनगनही तिथेच होत्या.

दोन इंजिनं, प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची. हवेत २४ तास राहील एवढा दम, पण चाल रमतगमत, ताशी सव्वाशे मैलांच्या आतबाहेर. झीरो विमान तिच्या अडीचपट वेगाने जायचं. प्रश्न ७ चं अर्धं उत्तर इथेच आहे.

४. कॅनडाचं स्क्वाड्रन सिलोनमध्ये काय करत होतं?

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून आणि अंदमान गेलं. पूर्वेकडून येणाऱ्याला अडवायला ब्रिटिशांकडे सिलोन तेवढं उरलं. आखाताकडून येणारं तेल, हिंदुस्थानची रसद, सुएझकडे जाणारं सैन्य, सगळ्यांच्या वाटा या बेटाच्या आसपासच्या समुद्रातून जात. आणि लांब टेहळणी करणारी विमानं बेटावर मूठभर होती.

४१३ स्क्वाड्रन तोवर स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंड बेटांवरच्या थंडीत गस्त घालत होतं. तिथून ते तुकड्यातुकड्यांनी सिलोनला हलवलं गेलं. बर्चल कोगलाला पोचले २ एप्रिलला आणि ४ तारखेला उजाडायच्या आधी गस्तीवर निघाले. मधे जेमतेम एक दिवस.

५. गस्त म्हणजे नक्की काय करायचं?

बघत राहायचं. ठरलेल्या पट्ट्यात सरळ जायचं, ठरलेल्या ठिकाणी वळायचं, थोडं अंतर सोडून परत सरळ यायचं. शेत नांगरतात तसं. बहुतेक गस्तींत काहीच दिसत नाही. आठव्या-नवव्या तासाला डोळे पाण्याच्या चकाकीने दुखायला लागतात आणि प्रत्येक ढगाची सावली जहाजासारखी वाटते. रेडिओ त्या काळात बंद ठेवायचा, कारण आपण बोललो की आपली जागा शत्रूला कळते. काही दिसलं तरच तोंड उघडायचं आणि तेव्हा मात्र गप्प बसायचं नाही.

६. चंद्रामुळे आरमार दिसलं, ही गोष्ट खरी आहे का?

बऱ्याच अंशी, पण सांगताना तिचा चुरा होतो. "परत निघाले होते, एवढ्यात नेव्हिगेटर म्हणाला जरा चंद्र बघून जाऊ" असं रंगवलं जातं. जणू पाच मिनिटांचा मामला.

दिवसभर समुद्रावर उडताना नेव्हिगेटरकडे आकाशात एकच आधार असतो, तो म्हणजे सूर्य. सूर्याची उंची मोजली की नकाशावर एक रेषा मिळते आणि आपण त्या रेषेवर कुठेतरी आहोत एवढंच कळतं. नेमका बिंदू हवा तर तिला छेदणारी दुसरी रेषा लागते. ती चंद्रावरून किंवा ताऱ्यांवरून मिळते. म्हणून गस्त संपत आल्यावर नेव्हिगेटरने अजून एक फेरा मागितला, म्हणजे चंद्र उगवल्यावर स्थान पक्कं करता येईल.

आता पंचांग बघा. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. त्या वर्षी पौर्णिमा १ एप्रिलला होती. म्हणजे ४ तारखेचा चंद्र आपल्या संकष्टीच्या चंद्रासारखा, चांगला अंधार पडल्यावर उगवणारा. दुपारी चारला तो यायला अजून काही तास होते. २४ तास उडू शकणाऱ्या विमानात अशी वाट बघणं ही चैन नव्हे, नेहमीचं काम. त्या जादा फेऱ्यात, टोकाला, दक्षिणेकडे ठिपके दिसले. चंद्र बघायची वेळ आलीच नाही.

७. जहाजं दिसल्याबरोबर पळून का नाही गेले?

लांबचे ठिपके बघून "जहाजं आहेत" एवढंच कळवता येतं. कोणाची, किती, कुठल्या जातीची, कुठल्या दिशेने, किती वेगाने, हे कळल्याशिवाय संदेशाचा उपयोग नसतो. ते समजून घ्यायला जवळ जावं लागतं. बर्चल जवळ गेले.

समोर अॅडमिरल नागुमो यांचं आरमार होतं. पर्ल हार्बरवर गेलेल्या सहा विमानवाहू नौकांपैकी पाच तिथे होत्या: अकागी, सोर्यू, हिर्यू, शोकाकू आणि झुइकाकू. शिवाय चार युद्धनौका, क्रूझर आणि विनाशिका. पळायचं ठरवलं असतं तरी ढग फारसे नव्हते आणि वेगाचं गणित प्रश्न ३ मध्ये दिलंच आहे. इतकं जवळ गेल्यावर त्यांच्या हातात एकच गोष्ट उरली होती. खाली पडायच्या आत संदेश संपवणं.

८. संदेश पुरता गेला का? तो तीनदा पाठवायची काय गरज होती?

तीनदा पाठवायची पद्धतच होती. लांबून येणारा मोर्स खरखरीत, अर्धवट ऐकू येतो. तीन वेळा आला की गाळलेली अक्षरं जुळवून घेता येतात. रेडिओ ऑपरेटर तिसऱ्यांदा पाठवत असताना गोळे विमानात शिरले. रेडिओ फुटला, ऑपरेटर जखमी झाला, टाक्यांनी पेट घेतला. एकदा आग विझवली, ती पुन्हा भडकली. बर्चल यांनी विमान कसंबसं पाण्यावर टेकवलं.

सिलोनला संदेश मिळाला, पण मधेमधे तुटलेला. जहाजं येत आहेत हे कळलं, तपशील नीट लागला नाही. या तुटलेपणाची किंमत पुढे कैद्यांनी मोजली. ते प्रश्न १० मध्ये आहे.

९. विमानात कोण कोण होते? सगळे कॅनेडियन का?

नाही. स्क्वाड्रन कॅनडाचं असलं तरी नऊ जणांत बहुतेक ब्रिटिश हवाई दलाचे होते. बर्चल आणि नेव्हिगेटर ऑनयेट हे कॅनडाचे. एक जण विमानाबरोबरच बुडाला. दोघे इतके जखमी होते की त्यांना लाइफ जॅकेट घालून पाण्यात सोडावं लागलं. पाण्यावर जळणारं पेट्रोल पसरलं होतं आणि वरून झीरोंचा मारा चालूच होता. ज्यांना डुबकी मारता येत होती ते गोळ्या आल्या की पाण्याखाली जायचे. लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाला ते पाण्याखाली जाऊच देत नाही. ते दोघे तिथेच गेले.

उरलेल्या सहांना इसोकाझे या विनाशिकेने उचललं.

१०. कैदेत त्यांनी संदेशाबद्दल सांगून टाकलं का?

सांगितलं नाही. पण लपवलेलं उघडं पडलं.

डेकवर पहिला प्रश्न हाच होता की संदेश पाठवला का. बर्चल यांनी आपण कॅप्टन असल्याचं सांगितलं आणि मार स्वतःवर घेतला. नाही, हल्ला इतका अचानक झाला की काहीच पाठवता आलं नाही, असं ते सांगत राहिले. हे जवळजवळ पटत आलं होतं. तेवढ्यात कोलंबोहून रेडिओवर त्यांच्याच विमानाला विचारणा झाली की संदेश नीट आला नाही, पुन्हा पाठवा. जपानी ऑपरेटरने ती ऐकली. मार पुन्हा सुरू झाला. कोलंबोच्या ऑपरेटरची यात चूक नव्हती, तो नियमाप्रमाणेच वागला. मला मात्र अख्ख्या प्रकरणात हा क्षण सगळ्यात जास्त बोचतो.

पुढे बर्चल जपानमध्ये युद्ध संपेपर्यंत कैदेत होते. आधी ओफुना या चौकशीच्या छावणीत, मग योकोहामा आणि इतर छावण्यांत. आजारी कैद्यांना कामाला जुंपण्यावरून त्यांनी रखवालदाराला मारलं, १९४४ मध्ये कैद्यांचा बैठा संप घडवला आणि प्रत्येक वेळी शिक्षा भोगली. लपवून लिहिलेल्या त्यांच्या डायऱ्या नंतर युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत पुरावा म्हणून वापरल्या गेल्या.

११. त्यांना "सिलोनचा तारणहार" म्हणतात. जरा जास्तच नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची मला आवड आहे.

हल्ला होणार ही कुणकुण आधीच होती. जपानी सांकेतिक संदेश फोडून ब्रिटिशांनी १ एप्रिलच्या आसपासचा अंदाज बांधला होता. त्यासाठी अॅडमिरल सॉमरव्हिल यांचं आरमार दोन-तीन दिवस बेटाच्या दक्षिणेला दबा धरून फिरलं. कोणी आलं नाही. जुन्या युद्धनौकांमधलं गोडं पाणी संपत आलं, तेव्हा सगळे सहाशे मैल दूर मालदीवच्या अद्दू बेटांवर तेल-पाणी भरायला गेले. लोक सैलावले आणि नेमका तेव्हा बर्चल यांचा संदेश आला. जुन्या अंदाजाला त्याने जागा आणि वेळ दिली. त्या रात्री कोलंबो बंदरातून जितकी जहाजं हलवता येतील तितकी हलवली गेली.

पण इशारा मिळूनही सकाळी पंचाईत झालीच. सुमारे सव्वाशे जपानी विमानं येताना रडारवरून वेळेत सूचना मिळाली नाही. कोलंबोजवळच्या रत्मलाना तळाची लढाऊ विमानं शत्रू डोक्यावर आल्यावर धावत उडाली. बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीहून टॉर्पेडो घेऊन येणारी सहा स्वोर्डफिश विमानं मधेच सापडली आणि सहाही पडली. बंदरात हेक्टर आणि टेनेडोस ही जहाजं बुडाली.

शिवाय मुळात बेट जिंकायला जपानी आलेच नव्हते. बरोबर सैन्य नव्हतं. पर्ल हार्बरसारखं आरमार बंदरात गाठून बुडवायचं, हा बेत होता. तो फसला, कारण आरमार बंदरात नव्हतं. याचं श्रेय अद्दूच्या पाण्यालाही जातं. माझं मत विचाराल तर बर्चल यांच्या विमानाने बंदरातली जहाजं आणि माणसं वाचवली, बेट नव्हे.

१२. इशाऱ्यामुळेच उलट नुकसान झालं, असंही वाचलं. खरं का?

डॉर्सेटशर आणि कॉर्नवॉल या दोन क्रूझरबद्दल तसं म्हटलं जातं. त्या कोलंबोत होत्या. संदेश आल्यावर ४ तारखेच्या रात्री त्यांना सॉमरव्हिल यांच्याकडे धाडलं गेलं. ५ तारखेच्या दुपारी भर समुद्रात जपानी विमानांनी त्यांना गाठलं आणि थोड्याच मिनिटांत दोन्ही बुडाल्या. ४२४ जण गेले. ११२२ जण दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढले गेले.

बंदरात राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या का? सकाळच्या बाँबफेकीत त्या सगळ्यात मोठं सावज ठरल्या असत्या. दोन्ही वाटांवर वाघ होता.

१३. चर्चिल यांनी या विमानाबद्दल काय म्हटलं होतं?

नंतर वॉशिंग्टनमधल्या एका जेवणात त्यांनी सांगितलं की युद्धातला सर्वांत धोक्याचा क्षण म्हणजे जपानी आरमार सिलोनकडे निघाल्याची बातमी, आणि ती देणारा अनाम वैमानिक समुद्राच्या तळाशी आहे. शेजारी कॅनडाचे लेस्टर पिअर्सन होते, पुढे ते पंतप्रधान झाले. त्यांनी सांगितलं की तो माणूस जिवंत आहे. प्रसंग असा सांगितला जातो. "सर्वांत धोक्याचा" हे विशेषण कितपत धरायचं ते प्रश्न ११ वाचून तुम्हीच ठरवा.

बर्चल पुढे एअर कमोडोर झाले आणि २००४ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी गेले.

१४. याचा हिंदुस्थानवर काही परिणाम झाला का? मुंबईवर?

झाला. ६ एप्रिलला विशाखापट्टण आणि काकिनाडा इथे बाँब पडले. ते दुसऱ्या आरमाराचं काम. अॅडमिरल ओझावा यांची जहाजं त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात मालवाहू जहाजं टिपत होती. मद्रासमध्ये शहर रिकामं करायचे हुकूम सुटले. बाँब पडून पिंजरे फुटतील या धास्तीने प्राणिसंग्रहालयातली हिंस्र जनावरं गोळ्या घालून मारली गेली.

मुंबईवर बाँब पडला नाही, पण सॉमरव्हिल यांच्या आरमाराचा चांगला भाग १३ एप्रिलला मुंबई बंदरात आला. बाकीचा थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाजवळच्या किलिंडिनीला गेला. त्या आठवड्यात ज्यांनी बंदरात राखाडी जहाजांची गर्दी पाहिली, त्यांना ती कुठून आणि का आली हे कोणी सांगितलं नसणार.

१५. आपली विराट आणि यात बुडालेली हर्मिस, यांचा संबंध काय?

नावाचा. ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला झाला. त्याच दिवशी बट्टिकलोआजवळ हर्मिस ही विमानवाहू नौका बुडाली, तेव्हा तिच्यावर एकही विमान नव्हतं. ३०७ जण गेले. ब्रिटिशांनी ते नाव पुढे एका नव्या विमानवाहू नौकेला दिलं आणि तीच १९८७ मध्ये आपल्या नौदलात विराट म्हणून आली. २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाली ती हीच. दोन्ही एकच जहाज समजून बरेच जण लिहितात. जुनी हर्मिस अजून श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाशीच आहे.

१६. हे महायुद्धात जपान्यांनी पाडलेलं पहिलं कॅटलिना होतं का?

नाही. ७ डिसेंबर १९४१ ला सयामच्या (आजच्या थायलंडच्या) आखातावर ब्रिटिश हवाई दलाच्या २०५ स्क्वाड्रनची एक कॅटलिना जपानी ताफ्याची टेहळणी करताना पाडली गेली आणि तिच्यातलं कोणीच वाचलं नाही. पर्ल हार्बरवर पहिला बाँब पडायला तेव्हा अजून बरेच तास होते. तारखांचा घोळ होतो तो आंतरराष्ट्रीय वाररेषेमुळे. हवाईत ७ तारखेची सकाळ होती तेव्हा सयाम-मलायाकडे ८ तारीख लागली होती.

१७. त्या आठवड्यात कोगलाची एकच कॅटलिना गेली का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून तो मीच यादीत घातला आहे.

बर्चल यांच्यानंतर ४ तारखेच्या रात्री २०५ स्क्वाड्रनची कॅटलिना माग काढायला गेली. तिने रात्री आरमार गाठलं, कळवलं, आणि पहाटेनंतर तीही पडली. ९ तारखेच्या सकाळी पुन्हा ४१३ स्क्वाड्रनची एक कॅटलिना, कॅप्टन फ्लाइट लेफ्टनंट रे थॉमस, त्रिंकोमालीच्या पूर्वेला त्याच आरमारावर जाऊन पोचली. संदेश सुरू झाला आणि मधेच तुटला. या दोन्ही विमानांतलं कोणीही परतलं नाही. बर्चल यांची हकिगत आपल्याला इतक्या बारकाव्याने माहीत आहे, कारण ती सांगायला सहा जण परत आले. थॉमस यांच्या विमानात काय घडलं त्याचा पुरावा म्हणजे तो अर्धवट संदेश.

सिंगापूरला क्रांजीच्या युद्धस्मारकावर थडगं नसलेल्या वैमानिकांची नावं भिंतींवर कोरली आहेत. शोधायचं तर तिथे.

१८. कोगलाला आता काही बघायला मिळतं का?

तळं आहे. गाल आणि मातरा यांच्या मधे, रस्त्यापासून अगदी जवळ. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला हे गोडसर-खारं पाणी. युद्धात इथली गावं तळासाठी थोड्या मुदतीत उठवली गेली होती. धावपट्टी अजून आहे, श्रीलंकेच्या हवाई दलाकडे, म्हणून कॅमेरा काढण्याआधी विचारून घ्या.

मी गेलो तेव्हा एका होडीवाल्याने तळ्यातल्या दालचिनीच्या बेटावर नेलं. हे सगळ्या पर्यटकांना होतं. काठावर बसलेल्या माणसाने कोवळ्या फांदीची साल सुरीने सोलून हातावर ठेवली. विमानांबद्दल विचारल्यावर होडीवाल्याने वल्ह्याने पूर्वेकडची मोकळी पट्टी दाखवली. तिथे झाडं पाण्यापासून लांब सरकलेली होती. पाणी तिथे सरळ, लांब आणि उथळ दिसत होतं. भरलेली कॅटलिना उठायला एवढी लांबी लागतच असणार, एवढा अंदाज मी केला. मग त्याने दालचिनीच्या पुडीचे पैसे मागितले.